दहा बाय सहाची अर्पिता

परिपत्रक ऑगस्टात आलं. ‘विद्यार्थ्यांची ऑनलाइन सुरक्षितता व मानसिक स्वास्थ्य सप्ताह साजरा करण्याबाबत.’ ‘साजरा’ हा शब्द दिसला की आमचे हेडसर भगवानराव आधी नारळ आणायला पाठवतात आणि मग पुढचं वाचतात. खाली एक लिंक होती. तिच्यावर सात दिवसांत सात फोटो चढवायचे होते. आठव्या दिवशी लिंक बंद. म्हणजे तोपर्यंत मुलं सुरक्षित व्हायला हवी होती.

शाळा गंगाखेडपासून अकरा किलोमीटरवर, सडकेला लागून. मी तिथं संगणक शिकवतो, तासिका तत्त्वावर. नाव योगीराज, वय चोवीस. सहा संगणक आहेत. त्यातले दोन चालतात, उरलेले चार फोटोसाठी आहेत. सप्ताहातलं ऑनलाइन माझ्याकडं आलं. मानसिक स्वास्थ्य राजेश्री मॅडमकडं गेलं, कारण त्या चित्रकला शिकवतात.

मी मन लावून काम केलं, हे सांगून ठेवतो. आठवी ते दहावीच्या पोरांना पडद्यावर चित्रं दाखवली. अनोळखी माणसाला नंबर देऊ नका. फोटो टाकताना दहा वेळा विचार करा. कुणी त्रास दिला तर गप्प बसू नका, चिठ्ठी लिहून तक्रारपेटीत टाका, नाव गुप्त राहील. पोरं ऐकत होती. एकटी अर्पिता लिहून घेत होती.

अर्पिता दहावीत. जूनमध्ये तिनं प्रवेशाच्या यादीतला आपल्या घरचा मोबाईल नंबर माझ्याकडून दुरुस्त करून घेतला होता. एक आकडा चुकला होता, तो दुसऱ्या कुणाच्या वर्षभरात लक्षात आला नसता. सप्ताहाच्या दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, लॅबचा पासवर्ड भिंतीवर लिहिलाय तुमी." मी म्हणालो, विसरू नये म्हणून. ती म्हणाली, "मग कोण इसरंल?" त्याच दिवशी हेडसरांनी तिला शाळेची सायबर दूत केलं.

तिचे आईवडील, सत्यशीला आणि बजरंग, दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात ते मार्च-एप्रिलला येतात. सहावीपर्यंत तिलाही नेत. मग तिनंच हट्ट धरून आजीजवळ राहायचं ठरवलं. तिच्या घरात दहावीचा पेपर अजून कुणी लिहिला नव्हता. तिला तो लिहायचा होता. त्यापुढचं तिनं कधी बोलून दाखवलं नाही. एकेक गोष्ट करणारी पोरगी.

दूत झाली म्हटल्यावर फ्लेक्स आला, दहा बाय सहाचा. फ्लेक्सशिवाय फोटोत काय दाखवणार? मी गंगाखेडला बन्सीधरच्या दुकानात गेलो. बन्सीधरकडं तीन नमुने असतात: वाढदिवस, निवड आणि मयत. आम्ही वाढदिवसाचा घेतला. फुगे काढून कुलपं टाकली. एक फुगा निघाला नाही, तो राहिला. मधोमध अर्पिताचा चेहरा दोन फुटांचा. खाली नाव, इयत्ता, गाव. वर मोठ्या अक्षरात वाक्य: ‘तुम्ही एकटे नाही. संपर्क करा.’ ते वाक्य मला सुचलं होतं.

बन्सीधर म्हणाला, "सर, संपर्काचा नंबर?"

"नंबर कशाला?"

"आसं कसं. वर संपर्क करा म्हणता आन खाली नंबर न्हाई. फ्लेक्स उघडा दिसतो. मयताच्या फ्लेक्सवरबी टाकतो आमी."

"मयताचा नंबर?"

"मयताचा न्हाई, त्याच्या पोराचा."

मी हेडसरांना फोन लावला. ते म्हणाले, "माझा नका टाकू. माझ्या नंबरवर बँकेचे ओटीपी येतात. आजकाल लय फसवाफसवी चालूय. सुरक्षा सप्ताहात तरी आपण सुरक्षा पाळायला पाहिजे." राजेश्री मॅडमना लावला. त्या म्हणाल्या, "माझा नंबर सडकेवर? योगीराज, माझ्या सासऱ्यांना तू येऊन समजावणार का?" माझा मी टाकला नाही. अनोळखी माणसाला नंबर देऊ नये हे मी त्याच आठवड्यात चार वर्गांना शिकवलं होतं, आणि माझं मी ऐकतो.

"मग दूताचाच टाका की," बन्सीधर म्हणाला. "तोंड तिचंय, नाव तिचंय. नंबर दुसऱ्याचा टाकला तर लोकं म्हणत्याल खोटाय."

माझ्या फोनमध्ये प्रवेशाची यादी होती. दुरुस्त केलेली. मी दहा आकडे वाचून दाखवले. बन्सीधरनं ते दोनदा विचारून घेतले. एखादा आकडा चुकला तर उगाच दुसऱ्या कुणाला तरी त्रास होतो, असं म्हणाला.

फ्लेक्स फाटकावर लागला, तोंड सडकेकडं. पोलीस पाटील व्यंकटरावांच्या हस्ते नारळ फुटला. मी फोटो काढले आणि सातही चढवले. अर्पिता स्वतःच्याच चेहऱ्याखाली हात मागं बांधून उभी होती. नंबर तिनं पाहिला. माझ्याकडंही पाहिलं. मी अंगठा उंचावला.

बजरंगरावांनी त्या दिवशी पांढरी टोपी घातली होती. लोक पांगल्यावर ते फ्लेक्सजवळ गेले आणि कोपरा दोन बोटांत धरून चोळून पाहिला. "माल चांगलाय, सर. दोन पावसाळे काढंल." ऊसतोडीचा माणूस फ्लेक्समध्ये आधी छप्पर पाहतो. फडाजवळ यांच्या झोपड्या असतात, त्यांना कोपी म्हणतात. कोपीवर उसाचं वाळलेलं पाचट आणि पाचटावर कुठला तरी जुना फ्लेक्स. मागच्या हंगामात ते चार महिने कुणा नगरसेवकाच्या वाढदिवसाखाली झोपले होते. यंदा त्यांनी कोपरा चोळला, मग दोन पावलं मागं सरकून चेहरा पाहिला, आणि बराच वेळ पाहत राहिले. "आमच्या घरातलं कुणी फ्लेक्सवर गेलं न्हाई आजपस्तोर," म्हणाले.

तक्रारपेटी फ्लेक्सच्या खालीच, फाटकाच्या आतल्या बाजूला. तिला दोन कुलपं. एक चावी हेडसरांकडं, दुसरी समितीतल्या पालक प्रतिनिधीकडं, म्हणजे सगुणाबाईकडं. कुणा एका मास्तरला पेटी परस्पर उघडता येऊ नये म्हणून. सूचना माझी होती. चांगली होती, अजूनही तसंच वाटतं. सगुणाबाईही ऊसतोडीला जातात, एवढं फक्त कुणाच्या लक्षात आलं नाही. सगुणाबाईंच्याही नाही. दिवाळीनंतर टोळी ट्रॅक्टरवर चढली तेव्हा चावी त्यांच्या कमरेच्या पिशवीत सुपारीबरोबर होती.

नोव्हेंबरात निम्मं गाव रिकामं झालं. दर आठवड्याला मी पेटीपुढं उभा राहून फोटो काढायचो. पेटी बंद, फोटो छान.

डिसेंबरात अर्पिता मागच्या भिंतीकडून शाळेत येऊ लागली. तिथं बाभळी आहेत. मी विचारलं, तर म्हणाली, "जवळ पडतं, सर." लांब पडतं. पण मला नकाशातलं कळत नाही, म्हणून मी सोडून दिलं. सुटीत मात्र ती पेटीजवळ जाऊन कुलपं पाहायची. मला वाटायचं, दूत आहे, लक्ष ठेवते.

राजेश्री मॅडमनी तोवर आनंद-तक्ता सुरू केला होता. दर शनिवारी कागदावर तीन चेहरे: हसरा, साधा, रडका. ज्याला जसं वाटतं त्यानं त्या चेहऱ्याला गोल करायचा. प्रिंटरची शाई संपत आली होती, त्यामुळं रडक्याचं तोंड उमटत नव्हतं; नुसते दोन डोळे. अर्पितानं सलग चार शनिवार त्या बिनतोंडाच्या चेहऱ्याला गोल केला. मॅडमनी तो ‘साधा’मध्ये धरला. महिनाअखेरीच्या अहवालात आमच्या शाळेत एकही मूल दुःखी नव्हतं.

जानेवारीच्या मध्यावर, शाळेत तिळगूळ वाटणं चालू असताना, बजरंगराव ऑफिसात आले. अंगावर फडातलेच कपडे, हातावर पात्यांचे ओरखडे. सांगलीकडून दोन दिवसांचा प्रवास करून आले होते. मागं त्यांची आई झुंबरबाई, हातात बटणांचा फोन, रुमालात गुंडाळलेला. अर्पिता दारात.

"बसा की," हेडसर म्हणाले.

"बसत न्हाई. गाडी चारला हाय."

त्यांनी स्वतःचा फोन टेबलावर ठेवला. काच तडकलेली. कुणी तरी अर्पिताच्या नावानं खातं उघडलं होतं. फोटो फ्लेक्समधला. कापताना तो न निघालेला फुगाही आला होता.

"मुकादम आप्पारावनं फोन पुढं केला," बजरंगराव म्हणाले. "म्हणला, बजरंग, ही तुझीच पोरगी ना. फडात बारा जणांनी बघितलं. मी म्हणलं, व्हय, माझीच. मला वाटलं शाळंनं आणखीन काही बक्षीस दिलं. मग त्यानं खाली काय काय लिहिलंय ते वाचून दाखवलं."

मी म्हणालो, "हे खोटं खातं आहे, बजरंगराव."

"खोटं काय हाय त्यात, सर? तोंड तिचंय. नाव तिचंय. गाव आपलंय. नंबर आमचाय."

मी वाचलं. खरंच त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. चेहऱ्यावरची ओळ तर माझी होती. तुम्ही एकटे नाही. संपर्क करा. फक्त त्याच्या खाली लोकांनी उत्तरं दिली होती, आणि ती हेडसरांनी वाचायच्या आत मी फोन पालथा ठेवला.

"फोन कवापासून येतात?" मॅडमनी झुंबरबाईंना विचारलं.

"आदी एकांदा यायचा, दिवाळीपस्नं लय. दिसाला धा-पंधरा. आदी मी कट करायची. मग म्हणलं, फडावरून कुणी काई सांगायचं आसंल, पोराला काई झालं आसंल. म्हणून उचलायची. इचारायची, कोण रे बाबा, जेवलास का. निम्मे तितंच ठिवायचे."

"आणि निम्मे?"

"निम्मे सांगायचे काय जेवले ते."

हेडसरांनी कागद घेतला. "नावं माहीत आहेत का?"

"वालूरचा एक हाय. त्याला लय खोकला. अडुळसा सांगितला, आता बराय. एक चुडाव्याच्या टेसनावरून करायचा, मागं रेल्वेचा आवाज यायचा."

"वालूरवाला घाण बोलायचा का?"

"पयल्या दिशी बोलला कायतरी. मी म्हणलं, मी तिची आजी हाय, मला कमी ऐकू येतंय, जरा मोठ्यानं बोल. त्याला मोठ्यानं बोलता यीना."

कुणी हसलं नाही. मला हसू येतंय असं वाटलं, पण ते दुसरंच काही तरी होतं.

"मी शाळंत आसले की आजी उचलती," अर्पिता दारातून म्हणाली. "घरी आले की मी. आईचा फोन आसंल म्हणून उचलावाच लागतो. नंबर तर वळखीचे नसतेत, बाबाच्या फोनला चार्जिंग नसलं की कुणाच्याबी फोनवरून लावती ती." तिनं पायाच्या अंगठ्याकडं पाहिलं. "फाटकासमोर गाड्या थांबवून पोरं नंबर वाचत्यात. मोठ्यानं."

हेडसर म्हणाले, "बाळ, मग तू हे कुणाला सांगितलं कामून नाहीस?"

"सांगितलं, सर."

"कुणाला?"

तिनं खिडकीबाहेर बोट केलं. पेटीकडं. "डिसेंबरातच टाकली चिठ्ठी. योगीराज सर म्हणले होते, नाव गुप्त राहतंय."

ते तसंच राहिलं होतं.

मी म्हणालो, कुलूप तोडू. हेडसर म्हणाले, "तक्रारपेटीचं कुलूप तोडलं, तर त्याची तक्रार कुठं टाकायची?" मग त्यांनी नियम काढला. पेटी समितीसमोर उघडायची. समितीत पालक प्रतिनिधी पाहिजे. त्या फडावर, चावीसकट. विद्यार्थी प्रतिनिधी पाहिजे, ती अर्पिता. पण जिची तक्रार असेल तिनं समोर बसायचं नाही, आणि चिठ्ठी तिची आहे हे तर आता सगळ्यांना कळलं होतं. हेडसर वाईट माणूस नाहीत. त्यांनी नियम पुन्हा वाचला, कुठं तरी फट सापडेल या आशेनं. सापडली नाही.

"नंबर कुणी टाकला, सर?" बजरंगरावांनी विचारलं. साध्या आवाजात, रस्ता विचारावा तसं.

हेडसर टेबलाकडं बघू लागले. मॅडम माझ्याकडं.

"फ्लेक्सवाल्यानं," मी म्हणालो.

अर्पितानं मान वर केली, माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा खाली घातली.

"हिला घिऊन जातो मी," बजरंगराव म्हणाले.

मॅडम उठल्याच. "अहो, पाच आठवड्यांवर बोर्डाची परीक्षा आली. आत्ता कुठं नेता?"

"परीक्षेला आणतो की. तवर मायजवळ राहील. पुस्तकं घेतो संगं."

"फडात अभ्यास होतो का?"

"इथं होयलाय का?"

ते चिडले नव्हते. चिडलेल्या पालकांसाठी आमच्याकडं परिपत्रक आहे; पाणी द्यावे, ऐकून घ्यावे, वगैरे. या माणसानं स्वतःच पाण्याचा तांब्या आईपुढं केला, मग आपण प्यायला. अर्पिता म्हणाली, "बाबा, मी आजीजवळ ऱ्हाते. फोन बंद ठिवू." बजरंगराव म्हणाले, "मग तुझ्या मायनं कुठं बोलायचं?" तिनं आजीच्या रुमालातल्या फोनकडं पाहिलं. असल्या प्रश्नांची उत्तरं द्यायचा आम्हा तिघांना पगार मिळतो.

मला काही तरी उपयोगी बोलायचं होतं. मी म्हणालो, "नंबर बदला. आजच नवं सिम घ्या. आणि नवा नंबर कुणाला म्हणजे कुणालाच देऊ नका."

"ह्ये चांगलं सांगितलं," बजरंगराव म्हणाले. आणि कृतज्ञतेनं मान हलवली.

जाताना ते फाटकावर चढले आणि फ्लेक्सच्या दोऱ्या सोडू लागले. हेडसर ओट्यावरून म्हणाले, "अहो, फ्लेक्स शाळेचा आहे."

"तोंड आमचंय, सर."

त्यांनी तो सतरंजीसारखा घडी घातला, चेहरा आत येईल असा. अर्पितानं दप्तर आजीकडं दिलं आणि घडीचं दुसरं टोक धरलं.

पुढचे पंधरा दिवस मी पुष्कळ काम केलं. परभणीला जाऊन सायबरच्या ऑफिसात अर्ज दिला. त्यांनी नीट घेतला. म्हणाले, ज्यांचा नंबर आहे त्यांना पाठवा. ज्यांचा नंबर होता त्यांनी तो बदलला होता. शाळेच्या खात्यावरून आणि बेचाळीस पोरांनी शाळेत आणलेल्या घरच्या फोनवरून त्या खात्याविरुद्ध एकाच वेळी तक्रार केली. अॅपवाल्यांचं उत्तर आलं की तपासलं, या खात्यावरची व्यक्ती खरी आहे. दोन दिवसांनी शाळेचंच खातं बंद झालं. एकाच ठिकाणाहून फार तक्रारी येतात म्हणून संशय आला होता. आमच्या सप्ताहाचे सातही फोटो त्यात गेले.

मग हॉलतिकिटं आली. मी अर्पिताचं छापलं आणि सुटी टाकून निघालो. दोन एसट्या, एक वडापची जीप, शेवटचे तीन किलोमीटर उसाच्या ट्रॅक्टरवर.

मोकळ्या रानात तीसेक कोप्या होत्या. एकीवर टायरची जाहिरात, एकीवर कुणाची तरी पुण्यतिथी. बजरंगरावांची कोपी बाहेरून नुसती पांढरी होती. छापलेली बाजू त्यांनी आत घेतली होती, बाहेर लोक बघतील म्हणून. मी वाकून आत गेलो आणि डोक्यावर अर्पिताचा दोन फुटांचा चेहरा. खाली पोत्यावर खरी अर्पिता बसलेली, मांडीवर भूमितीचं पुस्तक, बोटांना चिंध्या बांधलेल्या. सकाळी ती मोळ्या बांधायला जायची. नुसतं बसून राहणं बरं दिसत नव्हतं म्हणे.

फ्लेक्सला एका ठिकाणी भोक होतं. लांबट, चौकोनी, कडा सरळ. तिथून उन्हाचा तुकडा आत पडला होता, बरोबर तिच्या वहीवर.

"आईनं कोयत्यानं कापला तेवढा नंबर," ती म्हणाली. "उजेडाला बरं पडतं."

मी हॉलतिकीट दिलं. तिनं नाव, आईचं नाव, बैठक क्रमांक, एकेक अक्षर तपासलं. चूक नव्हती. मग विचारलं, "सर, पेटी उघडली का?"

"चावी न्यायलाच आलोय."

"हां." थोड्या वेळानं म्हणाली, "आता जुनं झालं की ते."

बाहेर सत्यशीलाबाई चहा ठेवत होत्या. मी हळू आवाजात म्हणालो, "अर्पिता, नंबर मी दिला होता. बन्सीधरला."

"मालूम हाय, सर. बरोबरचा नंबर तुमच्याच यादीत होता. जूनमध्ये दुरुस्त करून घेतला नव्हता का मी." तिनं वही उन्हाच्या तुकड्यात सरकवली, तो हलला होता. "बाबांना न्हाई सांगितलं. ते म्हणत्यात, सर लांबून आले, चांगला माणूस."

बजरंगराव फडातून आले. म्हणाले, मुकादमाशी बोललोय, पेपराच्या आदल्या दिशी निघू. मी म्हणालो, नक्की ना? म्हणाले, "गाड्या भरायला माणूस कमी हाय, पण बघतो. पयल्याला न्हाई जमलं तर दुसऱ्याला."

"पहिलाच मराठीचा आहे, बजरंगराव. तो सोपा असतो."

"आणतो की, सर."

मी नवा नंबर मागितला. ते घुटमळले. चहाच्या कपाकडं पाहिलं. "सर, तुमीच म्हणला होता. कुणालाच देऊ नका."

"बरोबर आहे," मी म्हणालो. बरोबरच होतं. एवढ्या सगळ्यात माझा एकच सल्ला कुणी तरी मनापासून पाळला होता, तो मोडायला लावायचं मला धाडस झालं नाही. अर्पिता कोपीच्या तोंडाशी उभी राहून ऐकत होती.

सगुणाबाई पलीकडच्या कोपीत होत्या. त्यांनी कमरेची पिशवी उलटी केली. सुपारी, अडकित्ता, चावी. म्हणाल्या, "आगं बया, ही कशाची, म्हणून रोज बघायलेय मी."

चावीलाच पालक प्रतिनिधी धरून आणि विद्यार्थी प्रतिनिधीची जागा रिकामी सोडून समिती बसली. पोलीस पाटील व्यंकटराव, हेडसर, मॅडम, मी. दोन्ही कुलपं उघडली. आत तीन चिठ्ठ्या होत्या. पहिली, मुलींच्या संडासात पाणी नाही. दुसरी, पेटी कधी उघडता. तिसरी अर्पिताची, वहीच्या पानावर, समास सोडून लिहिलेली:

‘माननीय सर, फ्लेक्सवरचा आमचा नंबर खोडावा ही विनंती. फक्त तेवढाच. फोटो राहू द्यावा. बाबांना लय आवडला आहे. तेवढं झालं की मी अभ्यास करीन.’

मॅडम खिडकीशी गेल्या. हेडसरांनी चिठ्ठी दोनदा वाचली. चष्मा काढला, पुसला. मग हळूच विचारलं, "फ्लेक्स कुठंय आता?"

"त्यांच्या कोपीवर."

"आणि नंबर?"

"कापलाय. तिच्या आईनं."

हेडसरांनी पेनचं टोपण काढलं. मग नोंदवहीत लिहिलं: मागणीप्रमाणे नंबर काढण्यात आला. तक्रार निकाली. व्यंकटरावांनी सही केली. उघड्या पेटीचा फोटो मी काढला, कारण ते काम माझं आहे.

पहिल्या पेपराला मी नऊलाच गंगाखेडच्या केंद्रावर गेलो. बाकांवर क्रमांक चिकटवलेले होते. खिडकीतून तिचा दिसत होता: तिसरी रांग, भिंतीकडचा बाक, मोठे काळे आकडे, कुणीही वाचावेत असे. साडेदहाला पोरं आत गेली. अकराला फाटक लागलं. मी तिचा जुना नंबर लावला. अस्तित्वात नाही, असं एक बाई तीनदा म्हणाली. मराठीत, हिंदीत, इंग्रजीत.

पर्यवेक्षकांनी बाकाजवळ थांबून यादी पाहिली आणि लाल पेनानं काही तरी केलं. खिडकीजवळ आले तेव्हा मी म्हणालो, "सर, ती येणार आहे. उसाच्या गाड्या भरायला माणूस कमी होता."

ते म्हणाले, "तुमचा नंबर देऊन ठेवा. आली तर कळवतो."

मी दिला. दहा आकडे, सावकाश. त्यांनी तळहातावर लिहून घेतले. मग मी एसटी स्टँडवर जाऊन बसलो. दुसरा पेपर दोन दिवसांनी होता.